ऑड्री वयनीचं वाक्य

म्हापशाच्या एका नर्सिंग होममध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेपाशी सुलोचना गवस मोबाईल धरून उभी होती. मोबाईलच्या पडद्यावर इंग्लंडमध्ये राहणारी क्लेअर होती, आणि खाटेवर क्लेअरची मावशी, ऑड्री शेटगावकर. वय त्र्याहत्तर. अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले होते. उजवा हात नि उजवा पाय अजून धड हलत नव्हता, पण त्याहून मोठं नुकसान वाचेचं झालं होतं.

“तुला काय हवंय, आंटी?” क्लेअरने इंग्रजीतून विचारलं.

ऑड्रीने ओठ आवळले, सोडले, पुन्हा आवळले. कपाळावर घाम आला. मग एकेक शब्द दगड उचलून ठेवावा तसा बाहेर पडला.

“होम. गो. होम.”

क्लेअर पडद्यावर रडायलाच लागली. “हो, हो, मी तुला घरी आणीन. सगळी व्यवस्था करते. तू काळजी करू नकोस.”

ऑड्रीने डावा हात खाटेवर आपटला. “नो. गो... नो.”

“आता लगेच नाही जाता येणार, आंटी. थोडी कळ काढ,” क्लेअर म्हणाली आणि डोळे पुसत तिने फोन ठेवला.

सुलोचना मोबाईल हातात धरून तशीच उभी राहिली. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण जे झालं ते तिला लख्ख कळलं होतं. त्याच दिवशी सकाळी ऑड्रीने उशीखालचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात दिला होता आणि हाच शब्द उच्चारला होता, होम. मांद्र्याच्या घराच्या किल्ल्या त्या. ऑड्रीला मांद्र्याला जायचं होतं, आणि क्लेअरने ऐकलं होतं इंग्लंड.

मांद्र्यात ऑड्रीला सगळे ‘ऑड्री वयनी’, म्हणजे वहिनी, म्हणत. नवरा मधुकर शेटगावकर जहाजावर फिटर. साउथॅम्प्टनच्या बंदरात एका जहाज कंपनीच्या कचेरीत ऑड्री पत्रं टाइप करायची, तिथे दोघांची गाठ पडली. दर्यावरची नोकरी संपल्यावर मधुकर बायकोला घेऊन पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याला, आपल्या गावात परतला. खाडीच्या काठाला त्याच्या बापाचं घर होतं. ते त्याने नीट करून घेतलं. एकवीस वर्षं ऑड्री त्या घरात राहिली. सहा वर्षांपूर्वी मधुकर गेला तेव्हा ती इंग्लंडला परतणार असंच गावाला वाटलं होतं. ती गेली नाही. रोज सकाळी बाल्कांवात, पुढच्या ओट्यावर, बसून चहा घ्यायची, मासळीवाल्या पार्वतीशी बांगड्यांच्या आकारावरून हुज्जत घालायची आणि दुपारी वाचत पडायची. मूल नव्हतं. तिचं म्हणावं असं इंग्लंडात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ही क्लेअर.

सुलोचनाचं माहेर दोडामार्गाकडचं, सासर सुर्ल्याचं. नवरा अनंत खाणीवर खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवायचा आणि ती खाणीच्या कँटीनमध्ये चहा-नाश्ता बघायची. खाण बंद पडली तेव्हा टिपर दारात उभा राहिला नि कँटीनला कुलूप लागलं. अनंत मग एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. सुलोचनाने डिचोलीत तीन महिन्यांचा रुग्णसेवेचा कोर्स केला. तेव्हापासून ती एका ब्यूरोमार्फत आजारी माणसांजवळ राहते. आठवड्याचे सहा दिवस पेशंटच्या घरी, रविवारी सुर्ल्याला; त्या दिवशी ब्यूरो बदली बाई पाठवतो. आतापर्यंतचे पेशंट सगळे साखळी-म्हापशाकडचे, आपल्याच बोलीचे. इंग्रजी बोलणारी पेशंट ही पहिलीच.

सप्टेंबरअखेर नर्सिंग होममधून सुटी मिळाली आणि ऑड्रीला मांद्र्याला आणलं. गाडी खाडीच्या वळणावर आली तेव्हा ती काचेला नाक लावून बघत राहिली. घरात पाऊल ठेवताच तिने डाव्या हाताने भिंत चाचपली आणि मोठा श्वास सोडला. सुलोचनाला वाटलं, झालं, आली बाई आपल्या घरी.

पण आठच दिवसांनी क्लेअरचा फोन आला. तिच्या गावाजवळ वृद्धांसाठी एक चांगलं ठिकाण होतं, तिथे खोली मिळाली होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः येणार होती आणि मावशीला घेऊन जाणार होती. ऑड्रीने ऐकलं नि तिचा चेहरा पांढरा पडला. “नो,” ती म्हणाली. “गो... होम... नो.” क्लेअरला त्यातलं काही उमगलं नाही.

त्या वेळी सुलोचनाला राहवलं नाही. तिने मोबाईल आपल्याकडे वळवला.

“मॅडम नो गो इंग्लंड. मॅडम वॉन्ट स्टे हिअर.”

 क्लेअर फार गोड आवाजात म्हणाली, “तुमचा तिच्यावर जीव आहे ते मला दिसतं. तुमच्या कामाची मला काळजी आहे. मी ब्यूरोला चांगलं पत्र देईन, तुम्हाला लगेच दुसरीकडे काम मिळेल.”

शब्द सगळे कळले नाहीत, पण ‘वर्क’ आणि ‘लेटर’ कळले, आणि आवाजातला तो गोडवा पुरता कळला.  सुलोचनाने फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि नारळ फोडायला घेतला. नारळ एका घावात फुटला.

त्या रविवारी सुर्ल्याला तिने अनंतला सगळं सांगितलं.

“दुसरो पेशंट गावतलो मगे,” अनंत म्हणाला. “तू कित्याक एवढा मनाक लावन घेतंस?”

“पेशंटाचा नाय हो. ती बाई माका म्हणता, तू तुझ्या कामासाठी सांगतंस.”

“मग परत सांग तिका नीट.”

“मी सांगलंय तर ती ऐकाची नाय,” सुलोचना म्हणाली. “माझ्या तोंडातसून नको. वयनीच्या तोंडातसून येवक व्हया.”

अनंतने तिच्याकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. 

मंगळवारी आणि शुक्रवारी म्हापशाहून सेजल यायची. ही तिशीतली पोरगी वाचा-उपचार करणारी, मूळची डिचोलीची. त्या मंगळवारी ती आली तेव्हा सुलोचनाने तिला दारातच गाठलं.

“मॅडम, जानेवारीपर्यंत वयनी एक वाक्य बोलतली काय? एकच. आपणाक हयच ऱ्हवाचा असा, एवढा.”

सेजलने बॅग खाली ठेवली. “बघा, त्यांना समजतं सगळं. मोठे शब्दही राहिलेत. घर, चहा, पाणी, जा, बस. हरवलेत ते बारके शब्द. एका मोठ्या शब्दाला दुसऱ्याशी जोडणारे. टू, इन, ॲट, ऑन. ते नसले की कुठे जायचंय आणि कुठे राहायचंय, सगळं सारखंच ऐकू येतं.”

“आणि ते परत येतत?”

“काही येतील. रोज मेहनत केली तर. मी आठवड्यातून दोनदा येते, तेवढ्याने होणार नाही. दिवसभर तुम्ही आहात त्यांच्याजवळ.” सेजल थोडी अडखळली. “पण सुलोचनाताई, राग नको. तुमचं इंग्रजी नि त्यांचं आत्ताचं इंग्रजी अगदी सारखं आहे. तुम्ही म्हणता, मॅडम वॉन्ट गो बाथरूम. त्याही तेच म्हणतात. त्यांना बारके शब्द परत हवेत, तर ते आधी तुमच्या तोंडात यायला हवेत.”

सुलोचना नववीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत ती दरवेळी जेमतेम वर सरकायची. तिने पदर खोचला. “शिकवा,” ती म्हणाली.

सेजलने एका कागदावर लिहिलं. सुलोचनाच्या सोयीसाठी देवनागरीत. आय वॉन्ट टू सिट इन द चेअर. आय वॉन्ट टू लुक ॲट द रिव्हर. आय वॉन्ट टू टॉक टू क्लेअर.

“वॉन्टच्या मागून जी क्रिया येते, तिच्या आधी टू. बसायचं आहे, टू सिट. मग कशात बसायचं, कशाकडे बघायचं, कुणाशी बोलायचं, ते सांगायला आणखी एक बारका शब्द. तो दर वेळी वेगळा. इन द चेअर. ॲट द रिव्हर.”

सुलोचनाचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. “टू टॉक टू क्लेअर. हय टू दोनदा? एक पुरत नाय?”

“नाही पुरत. पहिला टू बोलण्याचा, दुसरा क्लेअरचा. दिसायला एकच, काम वेगळं.”

हे काही सुलोचनाच्या गळी उतरलं नाही. एकच शब्द दोन कामं करतो, आणि तेही एकाच वाक्यात? चार दिवस ती भांडी घासताना पुटपुटत राहिली. रविवारी सकाळी मांद्र्याच्या थांब्यावर ती बसमध्ये चढली. कंडक्टरने विचारलं, खंय? त्याच्याकडे न बघताच तिच्या तोंडून निघालं, “माका म्हापशाक जावक व्हया.”

आणि ती थबकली. पुन्हा हळू म्हणून बघितलं. माका. म्हापशाक. जावक. तिन्हीच्या शेपटाला तोच ‘क’. म्हापशाचा क वेगळा, जाण्याचा क वेगळा, आणि पहिला तिचा स्वतःचा. जन्मभर हे ती बोलत आली होती आणि कधी अडखळली नव्हती. इंग्रजांचा टू म्हणजे हाच क; ते तो शब्दाच्या पुढे बांधतात, आम्ही मागे बांधतो, एवढंच.

“बाये, तिकीट,” कंडक्टर दुसऱ्यांदा म्हणाला. सुलोचना हसत होती. शेजारच्या बाईने जरा सरकून बसून तिच्याकडे पाहिलं.

मंगळवारी तिने हे सेजलला सांगितलं तेव्हा सेजलने तिथेच वही काढून ते लिहून घेतलं.

मग घरात कागद चिकटले. मधुकरच्या घरात सामानाची नावं गोव्याचीच होती आणि ऑड्रीनेही ती उचललेली: खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल, पुढच्या ओट्याला बाल्कांव. जनेलावर कागद लागला, ॲट द विंडो. कदेलीवर, इन द चेअर. खाटेवर, ऑन द बेड. सेजलने सांगितलं होतं, ऑड्रीचा डावा हात धरून ताल द्यायचा, बारक्या शब्दावर टिचकी पडली पाहिजे. सुलोचनाला फुगडीचा ताल अंगात मुरलेला. ती ऑड्रीचा तळवा आपल्या तळव्यावर घ्यायची आणि म्हणायची, टू सिट, इन द चेअर. टू सिट, इन द चेअर. आणि एक नियम सेजलने दहादा बजावला होता: शब्द अडला तर आपण पुरवायचा नाही. मनात दहा मोजायचे. माणसाला शोधायला वेळ द्यायचा.

दहा मोजणं हे सगळ्यात कठीण काम होतं. ऑड्रीच्या ओठांवर शब्द येऊन परत जाताना दिसायचा आणि सुलोचनाची जीभ टाळूला चिकटून बसायची.

ऑक्टोबर गेला. ऑड्री म्हणायची, “सिट... चेअर.” ताल धरला तर “टू सिट” यायचं, पण ‘इन’ गळायचा. कधी ‘इन’ यायचा नि ‘सिट’ पळायचं. महिनाभराच्या घोकंपट्टीने बाहेर आलं ते इतकंच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी पार्वती मासळीची पाटी घेऊन दारात आली. ऑड्री बाल्कांवात बसलेली. सुलोचना घाईत होती, दूध उतू जात होतं. आतूनच ती ओरडली, “वयनी, पार्वती केम. यू वॉन्ट टॉक पार्वती?”

 सुलोचना बाहेर आली. ऑड्रीने भुवया जवळ घेतल्या होत्या. मास्तरीण वहीकडे बघते तशी ती सुलोचनाकडे बघत होती.

“टू,” ऑड्री म्हणाली.

“काय?”

“टू. टू टॉक. टू... पार्वती.”

सुलोचनाच्या हातातून ओलं फडकं गळून पडलं. पार्वतीला कळेना काय झालं. तिने पाटी खाली ठेवली नि दोघींकडे आळीपाळीने बघितलं. बांगडे लहान म्हणून वाद निघालाय असं तिला वाटलं. “कितें गे? बांगडे व्हडलेच आसात आज.”

सुलोचनाने तेव्हाच फोन करून सेजलला सांगितलं. सेजल म्हणाली, “म्हणजे त्यांनी तुमची चूक सुधारली. त्या काय काम करायच्या?”

“कचेरीत टाइप करीत. दुसऱ्यांची पत्रां.”

“तीस वर्षं लोकांच्या चुका सुधारत आल्या असतील,” सेजल म्हणाली. “तो धागा अजून जागा आहे.”

तेवढं सुलोचनाला पुरे झालं. त्या दिवसापासून ती मुद्दाम चुकायला लागली. यू वॉन्ट सिट चेअर? ऑड्री कपाळाला आठी घालायची. “टू सिट. इन... द.” यू वॉन्ट टू लुक रिव्हर? “ॲट! ॲट.” सुलोचना तोंड वेडंवाकडं करून म्हणायची, “सॉरी, वयनी, आय फर्गेट,” आणि मनातून उड्या मारायची.

पण नीट चुकायचं तर नीट काय ते आधी ठाऊक हवं. ऑड्री दुपारी झोपली की सुलोचना सेजलचे कागद घेऊन बसायची. बसायचं खुर्चीत असेल तर इन, स्टुलावर असेल तर ऑन. हे कुणी ठरवलं? थांबायचं बससाठी, टू वेट फॉर द बस. शोधायचा चष्मा, टू लुक फॉर द ग्लासेस. मग बघायला ॲट नि शोधायला फॉर, बघणं तर तेच! ‘लिसन’ला टू लागतो नि ‘हिअर’ला काहीच नाही. तिने याद्या केल्या, खोडल्या, परत केल्या. कळतं तिथे कळून घेतलं, नाही कळलं तिथे घोकलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला शाळेतल्या जाधव बाईंची आठवण झाली आणि बाईंना आपण किती छळलं तेही आठवलं.

डिसेंबर लागला आणि गाडी रुतली.

ऑड्री आता घरातल्या घरात बरंच बोलायची. टू सिट इन द चेअर, टू ड्रिंक टी विथ यू. पण जे वाक्य हवं होतं ते येईना. ‘स्टे’ हा शब्दच तिच्या हाती लागत नव्हता. आय वॉन्ट म्हटलं की जिभेवर ‘टू गो’ उडी मारून यायचं. आय वॉन्ट टू गो. दर वेळी. सेजल म्हणाली, असं होतं, जास्त वापरलेला शब्द रेटून पुढे येतो. सुलोचनाला मात्र जानेवारी दिसत होता. क्लेअरसमोर हेच बाहेर पडलं तर? मग तर ऑड्रीने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यासारखं होईल.

एका सकाळी सलग अकराव्यांदा ‘टू गो’ आलं तेव्हा ऑड्रीने डाव्या हाताने कागद टराटरा फाडले, पेन्सिल भिंतीवर मारली आणि तोंड फिरवलं. चार दिवस ती बोलली नाही. नो नाही, येस नाही. सेजलचा शुक्रवार तसाच गेला.

सुलोचनाने तिला छेडलं नाही. भरवलं, अंग पुसलं, पायाचा व्यायाम करून घेतला. रविवार आला तरी ती सुर्ल्याला गेली नाही. अनंतला फोन करून म्हणाली, “हय जरा कठीण वेळ असा.” सोमवारी नुसतं बसून राहणं असह्य झालं म्हणून तिने घर झाडायला काढलं. भिंतीवर मधुकरचा फोटो होता, बोटीच्या कठड्याला टेकून हसणारा. पावसाळ्यात त्याच्या मागे बुरशी धरलेली. पुसायला म्हणून सुलोचनाने तो खाली काढला आणि मेजावर, जानेवारीच्या प्रवासासाठी क्लेअरने आणवून ठेवलेल्या रिकाम्या सुटकेसजवळ ठेवला.

“नो!” मागून आवाज आला. “नो! स्टे!”

सुलोचना वळली. ऑड्री खुर्चीतून अर्धी उठली होती, बोट फोटोकडे. फोटो सुटकेसमध्ये चाललाय असं तिला वाटलं होतं.

फोटो पुसायचाय, एवढं सांगितलं की झालं असतं. सुलोचनाने सांगितलं नाही. तिने विचारलं, “स्टे? व्हेअर?” आणि ती मोजायला लागली. एक. दोन. तीन.  सहा. सात.

“स्टे... ऑन. ऑन द वॉल,” ऑड्री म्हणाली. “ही... वॉन्ट... टू स्टे. ऑन द वॉल.”

सुलोचनाने फोटो घाईघाईने पुसला, खिळ्याला लावला आणि ऑड्रीच्या पायांशी येऊन बसली. “हो, वयनी. ही वॉन्ट टू स्टे ऑन द वॉल. अँड यू?”

ऑड्रीने भिंतीकडे बघितलं, मग जनेलातून खाडीकडे.  दुसऱ्या दिवशी सकाळी कागद नव्याने चिकटले आणि ऑड्रीने हात पुढे केला, तालासाठी. नाताळपर्यंत वाक्य दहापैकी पाच वेळा बरोबर यायला लागलं. उरलेल्या पाच वेळा ‘गो’च यायचं.

जानेवारीत क्लेअर मोपाच्या विमानतळावर उतरली आणि दुपारी मांद्र्याला पोचली. उंच, थकलेली, मऊ चेहऱ्याची बाई. तिने मावशीला कवटाळलं ते बराच वेळ सोडलं नाही. तिच्या पिशवीत त्या वृद्धाश्रमाची रंगीत पुस्तिका होती, बागेची, खोलीची, जेवणघराची चित्रं असलेली. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर ती बाल्कांवात ऑड्रीसमोर बसली आणि पुस्तिका उघडली.

सुलोचनाने चहाचे कप ठेवले. ऑड्रीने तिचा पदर धरला. सुलोचनाने तिची बोटं हळूच सोडवली. “नाय, वयनी. मी आतमध्ये असंय,” ती कानाशी म्हणाली. आपण समोर असलो तर क्लेअरला वाटेल, हिच्याकडे बघून बोलतेय. ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराआड उभी राहिली.

“ही तुझी खोली,” क्लेअर सांगत होती. “माझ्या घरापासून दहा मिनिटं. आंटी, तुला काय वाटतं?”

खुर्ची करकरली. मग ऑड्रीचा आवाज.

“आय वॉन्ट... टू गो...”

सुलोचनाने डोळे मिटून घेतले.

“हो?” क्लेअर म्हणाली. “टू गो होम?”

“नो!” डावा हात खुर्चीच्या दांडीवर धाडकन आपटला.  सुलोचना आत मोजत होती. चार. पाच. बाहेर जाऊन एक शब्द दिला असता तर वाक्य वाहून गेलं असतं. तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. आठ. नऊ. दहा. अकरा.

“आय वॉन्ट,” ऑड्री म्हणाली. तिच्या डाव्या हाताचा ताल खुर्चीच्या दांडीवर ऐकू येत होता. “टू स्टे. इन. इन... मांद्रे. इन दिस... हाऊस.”

 क्लेअरने विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, “आंटी, हे वाक्य तिने तुला शिकवलं का?”

“येस,” ऑड्री म्हणाली.

 खरं तर तेच होतं. सुलोचनाने शिकवलंच होतं.

“मग मला कसं कळावं, की हे तुझं आहे?”

 दूर खाडीत कुणाच्या तरी होडीचं इंजिन चालू झालं, बंद झालं. मग ऑड्रीने घसा साफ केला.

“आय वॉन्ट,” ती म्हणाली, “टू फाइट... विथ... पार्वती.”

“काय?”

“टू फाइट. विथ पार्वती. अबाउट... फिश. एव्हरी... मॉर्निंग.”

हे वाक्य सुलोचनाने कधी शिकवलं नव्हतं. सेजलच्या कुठल्याही कागदावर ते नव्हतं. ऑड्रीने ते स्वतः जुळवलं होतं, तुकडा तुकडा करून, बारक्या शब्दांसकट. सुलोचना दाराआड तोंडात पदर कोंबून रडत होती आणि बाहेर क्लेअर हसत होती. आधी हळू, मग मोठ्याने, मग तिचंही हसणं रडण्यात गेलं. “तू फोनवर नेहमी तिच्याबद्दल सांगायचीस,” ती म्हणत होती. “ती बांगडेवाली! दर फोनला असायची ती!”

संध्याकाळी क्लेअर स्वयंपाकघरात आली. सुलोचना कोकमाची सोलं भिजत घालत होती.

“त्या दिवशी फोनवर तुम्ही मला सांगितलं होतं,” क्लेअर हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. “मी ऐकलं नाही. माझं चुकलं.”

सुलोचनाने हात पुसले. उत्तर तिने आधी मनात जुळवलं. “आय टीच हर टू से टू, अँड इन,” ती म्हणाली. “मांद्रे, शी से हरसेल्फ.”

क्लेअर पंधरा दिवस राहिली. सगळं एका दिवसात सुटलं नाही. तिला धास्ती होती, दुसरा झटका आला तर, सुलोचना आजारी पडली तर. दोघींनी बसून ठरवलं. सेजलने लेखी कळवलं की रुग्णाला समजतं आणि तिचा निर्णय तिचाच आहे. रविवारी सुलोचनाच्या जागी कायमची यायला गावातली सुविधा नावाची बाई तयार झाली, आणि तिला सुलोचनाने दोन दिवस सोबत ठेवून सगळं दाखवलं, दहा मोजण्यासकट. सुविधा चार मोजून बोलून टाकायची. तिला ऑड्रीनेच दटावलं. एक वर्ष बघू, असं म्हणून क्लेअर परत गेली. वृद्धाश्रमातली खोली तिने सोडून दिली. पुढच्या जानेवारीत परत येईन म्हणाली, तेव्हा पुन्हा बोलू.

ऑड्रीची वाचा पूर्ववत झाली नाही. होणारही नव्हती, हे सेजलने आधीच सांगितलं होतं. दमली की अजून ती “टी... बाल्कांव” एवढंच म्हणते. पण पार्वती आली की तिच्यात कुठून बळ येतं कोण जाणे. टू स्मॉल, फार बारके, असं ती ओरडते, आणि पार्वती कोकणीतून तिला दुप्पट सुनावते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सेजलने नवे कागद आणले. आता कालचं सांगायला शिकायचं होतं: काल काय केलं, कुठे गेलो, कुणाला भेटलो. ऑड्रीने ते कागद बघितले आणि डाव्या हाताने दूर ढकलले. “टुमॉरो,” ती म्हणाली.

“टुडे,” सुलोचना म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पेन्सिलीला टोक काढलं, कागद पुन्हा ऑड्रीसमोर ठेवला आणि पहिली ओळ वाचली. मुद्दाम चुकीची.